गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा: घ्या, पण ल्युर पारखून

चोपडा तालुक्यात आमची बागायती कपाशी आहे आणि शाळेत मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे दोन्ही अंगांनी लिहितोय. हा सापळा प्रत्येक कपाशीवाल्याने लावावा. एकरी दोन पुरतात.

नरसाळं, वर टोपण, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी आणि टोपणाला आतून अडकवायची रबरी ल्युर, एवढीच वस्तू. बांबूला बांधून पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर टांगायची. ल्युरला मादीचा गंध असतो, म्हणून नरच येतात. सकाळी पिशवीची गाठ सोडून झटकली की राखट-तपकिरी, नखाएवढे पतंग हातावर पडतात. सलग 3 रात्री दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की फवारणीला लागायचं. डोमकळ्या (आत अळी शिरल्याने न उमललेली, गुलाबकळीसारखी फुलं) दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो, बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही.

उत्क्रांतीच्या धड्याला मी आता ही पिशवीच वर्गात नेतो. जीवाश्म, आंत्रपुच्छ हे पुरावे आहेतच, पण हा पुरावा मुलांच्या बापाच्या शेतातला आहे. 2002 साली बीटी कपाशी, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे स्वतःच अळीमारक विष बनवणारी कपाशी, आली तेव्हा ही अळी बोंड कुरतडताच मरायची. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटलं तरच काम करतं. क्वचित एखाद्या अळीत त्या प्रथिनाचं जनुक बदललेलं असतं. तिला विष चिकटत नाही, ती जगते आणि पुढच्या हंगामाला तिचंच बियाणं उरतं. आपल्या शेजारच्या खंडव्याकडच्या अळ्या तपासल्या, तर हे जनुक एका नाही, अनेक तऱ्हांनी बदललेलं निघालं. 2006 ला दोन बीटी जनुकांचं कपाशीचं बियाणं आलं, अळीने तेही पचवलं. 2017 च्या हंगामात या अळीने केलेलं नुकसान कोण विसरेल!

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी आणि हेच विष. तिथे शेतकऱ्यांनी बीटीशेजारी साधी कपाशी नेमाने पेरली. साध्या कपाशीवर जगलेले पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगले की त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. हे गणित शास्त्रज्ञांनी आधीच मांडलं होतं. तिथे अळी शिरजोर झाली नाही, पुढे वंध्य पतंग सोडून 2018 ला तिचं उच्चाटन जाहीर झालं. आपल्याकडे पूर्वी बीटीच्या पाकिटासोबत यासाठीच बिगर-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची, ती किती जणांनी पेरली? मला याचं फार वाईट वाटतं.

आता तक्रारी. पिशवी वाऱ्याने बुडाशी फाटते, जादा घेऊन ठेवा. ल्युर महिनाभरात बदला. एका दुकानात मला हिरव्या बोंडअळीची ल्युर दिली होती, सापळा रिकामाच राहिला. पुडीवर ‘गॉसीप्लुअर’ (गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाचं नाव) वाचूनच पैसे द्या.

डिसेंबरअखेर मी कपाशी उपटतो, सापळे मात्र ठेवतो. शेजारच्या फरदडीतून (हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीतून) पतंग येतच राहतात. रोजचे आकडे वहीत दाखवल्यावर यंदा बांधाला लागून असलेले दोघे भाऊ फरदड मोडायला तयार झाले.