पंख बघावा की तुरा?

आठवडी बाजारात टोपलीतलं कोंबडीचं पिल्लू उचलून विकणारा छातीठोकपणे सांगतो, "तलंगच हाय, घ्या." तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. पिल्लू मादी आहे हे त्याला दिसतं कशावरून? दोन खुणा सांगितल्या जातात.

पहिली पंखाची. एक-दोन दिवसांच्या पिल्लाचा पंख अलगद पसरायचा. पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरचीपेक्षा ठळक लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या किंवा वरचीच लांब असेल तर नर. पण हे जमतं ते फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या संकरित जातींत, जिथं नराची पिसं उशिरा वाढण्याचा गुण आईकडून येतो. शिवाय दोन-तीन दिवस उलटले की फरक पुसट होतो. गावरान पिल्लाचा पंख ताणून बघणं म्हणजे निव्वळ त्याचा छळ.

दुसरी तुऱ्याची. इथं घाई चालत नाही. पाच-सहा आठवड्यांनी नराचा तुरा मोठा, लालसर होतो, पायही जाड दिसतात. तलंगीचा तुरा फिका, बारीक राहतो. कडकनाथाचा तुराच काळपट, तिथं रंग नाही, आकार बघायचा. असील जातीचा तुरा मुळातच बुटका, तिथं आणखी थांबावं लागतं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मानेची-पाठीची पिसं टोकदार निघाली की तो नरच, मग वादच नाही.

परभणी-बीडकडं परसात दहा-बारा गावरान पिल्लं पाळणाऱ्यानं माझ्या मते तुराच धरावा. तोवर दाणा दोघांनाही घालावा लागतो, तेवढं खरं.