गार द्यू नॉरचा ‘मदतनीस’ आणि आमचे १४६ युरो ४० सेंट

पॅरिसला जाणाऱ्यांनी हे वाचाच, आणि ‘आम्ही नाही बुवा असे फसणार’ हे आधी डोक्यातून काढा. मलाही सगळं माहीत होतं. मनगटात दोरा बांधायला येतील, कागदावर सही मागतील, थांबायचं नाही, हे निघण्यापूर्वी सासऱ्यांना मीच बजावलं होतं.

२०२५च्या जूनमधला शनिवार. लंडनहून युरोस्टार रेल्वेने पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर उतरलो. मी, बायको, मुलगा, सासरे आणि पाच बॅगा. मेट्रोच्या तिकीट मशीनने आमचं फॉरेक्स कार्ड नाकारलं, तर शेजारी एकजण उभाच! निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. “बाहेरची कार्डं चालत नाहीत. मी माझ्या कार्डाने काढतो, तुम्ही कॅश द्या.” आठवड्याचा पास ३१.६०, कार्डाचे ५, माणशी ३६.६०. हा भाव मी घरूनच लिहून आणला होता, तो तंतोतंत जुळला. चौघांचे १४६.४०. मी दीडशे दिले, तर पठ्ठ्याने ३.६० मोजून परत केले. तिथेच विश्वास बसला. लुटायला आलेला माणूस सुटे परत देतो का हो?

खिशातून चार कार्डं काढून त्याने एकेक मशीनवर ठेवलं. स्क्रीन तोवर इंग्रजीतून फ्रेंचवर गेली होती. (तुमच्या मशीनला दुसऱ्या कुणाचं बोट लागू देऊ नका.) प्रत्यक्षात त्याने दोन युरोंच्या साध्या कार्डावर २.५०चं एकेक तिकीट भरलं. चौघांचा खर्च १८ युरो, बाकी त्याच्या खिशात.

आता तळपायाची आग मस्तकात जाते ती यासाठी. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असतो. चालू आठवड्याचा गुरुवारपर्यंतच मिळतो, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा. आणि आम्ही शनिवारी ‘आजपासून सात दिवस’ म्हणून खूश! शिवाय पासाच्या कार्डावर आपला फोटो लागतो. बायकोने विचारलंही, “फोटो नको का?” तो म्हणाला, टुरिस्टना लागत नाही. मी वर तिलाच गप्प केलं, “अगं, त्याला माहीत असेल.” हे वाक्य आता घरात रोज ऐकतो. पण मागे रांग तुंबलेली, सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागलेले, अशा वेळी कोण नियम तपासत बसतं?

गेट उघडलं. ४ नंबरच्या लाइनने मोंपारनासला हॉटेलवर पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही कार्डांना लाल दिवा. खिडकीवरच्या बाईने कार्ड रीडरवर ठेवून दाखवलं, आत काही नाही. हेच तुम्ही लगेच मशीनवर करून बघा, देणारा समोर उभा असतानाच. त्या दिवशी रागारागाने लुक्झेंबर्ग बागेतून नोत्र दामपर्यंत चालत गेलो. २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये उघडलेलं ते देवालय सासऱ्यांनी डोळे भरून पाहिलं. मी बाहेर हिशेब करत बसलो.

पोलिसांचं तर विचारूच नका. अडीच तास बाकावर. मग प्रश्न: पावती आहे? कॅश दिली ना? नाव माहीत आहे? अरे, नाव सांगून कुणी फसवतो का! स्टेशनात जागोजाग कॅमेरे, वेळ मी मिनिटासकट सांगितली, तरी वर पाहिलंसुद्धा नाही. दुभाषी घेऊन या म्हणाले. मुलाने फोनवर भाषांतर करून दाखवलं, तर ते चालत नाही. शेवटी एक फॉर्म हातात देऊन दुसऱ्या चौकीत धाडलं, तिथे रविवारी तक्रार घेणारा साहेब नव्हता. म्हणून सांगतो, मेट्रोचं तिकीट फोनवर अ‍ॅपमधून काढता येतं, ते अ‍ॅप घरूनच टाकून जा. ते नसेल तर कार्ड खिडकीवरच घ्या, प्रत्येकाचं वेगळं.

परत आल्यावर बँक म्हणाली, कॅशचा आमच्याशी संबंध नाही. प्रवास विम्यावाल्यांनी आधी पोलिसांचा कागद मागितला, मग कळवलं की स्वखुशीने दिलेली रक्कम चोरीत मोडत नाही. प्रीमियम मात्र चौघांचा आगाऊ घेतला होता.