चांदीपुरा विषाणूची प्रथिने ओळखताना: वेस्टर्न ब्लॉट की मास स्पेक्ट्रोमेट्री?

1965 मध्ये नागपूर भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून चांदीपुरा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला. तो वाळूमाशीमार्फत पसरतो. त्याच्या कणात पाच संरचनात्मक प्रथिने असतात: एल सुमारे 240 किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचे एकक), जी 65 ते 70, एन 47, पी 32 आणि एम 26. आकड्यांत अंतर भरपूर, पण जेलवर (विजेच्या दाबाने प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. माध्यमातल्या सीरमचे अल्ब्युमिन 66 किलोडाल्टनचे, म्हणजे नेमके जीच्या जागी. आणि पी आम्लधर्मी असल्याने त्याला एसडीएस (प्रथिनांना ऋणभार देणारा डिटर्जंट) कमी चिकटते. ते सावकाश सरकते आणि आपल्या वजनापेक्षा बरेच वर, एनच्या आसपास दिसते.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये जेलवरची प्रथिने पडद्यावर उतरवून अँटीबॉडीने ओळखतात, मास स्पेक्ट्रोमेट्रीत त्यांच्या तुकड्यांची (पेप्टाइडची) वजने मोजून. दोन्ही पद्धतींची सुरुवात सारखीच. शेवटची वाढ सीरमविरहित माध्यमात घ्या, विषाणू 20 टक्के सुक्रोजच्या थरातून खाली बसवा, मग सुक्रोज ग्रेडियंटवर (खाली दाट होत जाणाऱ्या द्रावणावर) चढवा. जेलच्या शेजारच्या लेनमध्ये संसर्ग नसलेल्या पेशींचा, याच वाटेने आणलेला नमुना हवाच. तो नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे. जेल 4 ते 15 टक्के ग्रेडियंटचे घ्या. साध्या 12 टक्क्यांच्या जेलमध्ये एल वरच अडकते.

वेस्टर्न ब्लॉटला दोन दिवस पुरतात आणि प्रथिनही थोडे लागते. अडचण अँटीबॉडीची. अख्ख्या विषाणूविरुद्धचा सीरम पेशींच्या प्रथिनांनाही धरतो. जीविरुद्धच्या काही मोनोक्लोनल (प्रथिनाची एकच जागा ओळखणाऱ्या) अँटीबॉडी तर फक्त घडी शाबूत असलेले प्रथिन ओळखतात. नमुना उकळून त्यात डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारे रसायन) टाकले की पट्टी गायब. म्हणून एक लेन न उकळता, डीटीटीशिवाय चालवा. एलचे पडद्यावरचे ट्रान्सफर तासाभरात उरकत नाही, 30 व्होल्टवर रात्रभर ठेवावे आणि मिथेनॉल 20 ऐवजी 10 टक्के करावे.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला अँटीबॉडी लागत नाही, आणि तिची खरी कमाई तीच. पट्टी कापा, डीटीटी आणि आयोडोअ‍ॅसिटामाइड (तुटलेले बंध पुन्हा जुळू न देणारे रसायन) द्या, ट्रिप्सिनमध्ये (प्रथिने कापणाऱ्या विकरात) 37 अंश सेल्सियसवर रात्रभर ठेवा. ग्लुटराल्डिहाइडचे सिल्व्हर स्टेन मात्र इथे चालत नाही, ते प्रथिने जखडून टाकते, कुमासी रंग वापरा. एमच्या लायसिनबहुल टोकाचे ट्रिप्सिन फार बारीक तुकडे करते, तिथे वेगळ्या जागी कापणारे कायमोट्रिप्सिन बरे. जीचे साखर जोडलेले पेप्टाइड पीएनजीएझ एफ (साखर काढून टाकणारे विकर) दिल्याशिवाय सहसा सापडत नाहीत. सर्वात महागात पडणारी चूक संगणकावर होते: तुलनेच्या डेटाबेसमध्ये फक्त विषाणूचीच प्रथिने घातली की अल्ब्युमिनचा स्पेक्ट्रमही कुठेतरी बसवला जातो. विषाणू व्हेरो पेशींत वाढवला असेल तर त्यांची माकड प्रजाती, सीरमसाठी गाय आणि हाताळणाऱ्याच्या त्वचेतून येणारे केराटिन हेही घाला. प्रत्येक प्रथिनासाठी किमान दोन स्वतंत्र पेप्टाइड मागा.

पाचही प्रथिनांच्या खात्रीच्या अँटीबॉडी हाताशी असतील आणि रोज नवे नमुने तपासायचे असतील, तर वेस्टर्न. अनोळखी पट्टी असेल, किंवा विषाणूच नवा असेल, तर मास स्पेक्ट्रोमेट्री. पण तिने दिलेली यादी म्हणजे संरचनात्मक प्रथिनांची यादी नव्हे. कणाला चिकटून आलेले पेशीचे अ‍ॅक्टिनही त्यात असते. सुक्रोज ग्रेडियंटचे अंश (वरून खाली वेगळे काढलेले भाग) एकेक करून जेलवर चालवा. एनबरोबर त्याच अंशांत चढणारे आणि उतरणारे प्रथिनच कणाचे मानावे.