वर्षभर घेतलेल्या जिल्हा दैनिकाबद्दल, एका जुन्या उपसंपादकाकडून

गेल्या जूनमध्ये साताऱ्याच्या घरी एका जिल्हा दैनिकाची वार्षिक वर्गणी भरली. १,४०० रुपये, सोबत स्टीलचा डबा. दैनिकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली जे लिहिणार आहे ते तिथं डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून नीट करायच्या टेबलावर, बसणाऱ्या पोरांच्या नोकरीवर यायला नको.

आधी साध्या गोष्टी. अंक सव्वासहाला दारात असतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून येतो. वर्षात तीनदा खाडा झाला, तिन्ही वेळा पोरानं दुसऱ्या दिवशी दोन्ही अंक आणून दिले. छपाई स्वच्छ आहे, फोटोतले रंग एकमेकांवरून सरकलेले नसतात. शब्दकोडं रोज असतं, आमच्या ह्यांना तेवढं पुरतं.

मी एकवीस वर्षं डेस्कवर काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. त्यामुळे अंक हातात घेतला की बातमीवरून कुणाचा हात फिरलाय की नाही, हे मला आधी दिसतं. आणि वर्गणीचे पैसे त्या हाताचे असतात, असं माझं ठाम मत आहे. घटना घडली हे तर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्रीच कळलेलं असतं. कुठे, किती, कुणाचं, कधीपासून, हे तपासून कुणीतरी सरळ मराठीत मांडावं, यासाठी आपण पेपर घेतो.

या दैनिकाचं पाच नंबरचं पान तालुक्यांचं. त्या पानावर असा हात आहे, आणि फार चांगला आहे. उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीची, बातमी होती. पाटबंधारे खात्याची प्रेसनोट कशी असते ते मला पाठ आहे: ‘लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या मागणीस अनुसरून’ इथून सुरुवात आणि पाणी कधी सुटणार ते शेवटच्या ओळीत. इथे मथळा होता, ‘धोमच्या डाव्या कालव्याला सोमवारपासून पाणी’. कोणता कालवा, कोणता वार, सगळं मथळ्यातच. पहिल्याच परिच्छेदात आवर्तन किती दिवसांचं तेही. ज्याच्या उसाला पाणी द्यायचंय त्याला पुढचं वाचायचीही गरज नाही. पोलिसांकडून आलेल्या बातम्यांतही ‘सदर इसम’, ‘मयत’, ‘फिर्यादी यांनी दिलेल्या फिर्यादीवरून’ हे त्या पानावर सापडत नाही. ‘अधीक्षक’, ‘परीक्षा’, ‘दुरुस्ती’ बरोबर लिहिलेले असतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अठरा: १९६२चे चौदा आणि १९७२ची चार भर. ते डोक्यात असलेलं माणूस आहे हे, प्रत्येक ओळीत कळतं.

मात्र मंगळवारच्या अंकात तो हात नसतो. चार-पाच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं. म्हणजे सोमवारी रात्री सुटी, आणि त्या रात्री त्या खुर्चीवर कुणीच नाही. मंगळवारी त्याच पानावर ‘अधिक्षक’ येतात, एकाच बातमीत ‘परीक्षा’ आणि ‘परिक्षा’ दोन्ही येतात.

अशाच एका मंगळवारी अपघाताची बातमी आली. मथळा, ‘वडगावजवळ जीप उलटून चार ठार’. आता आमच्या जिल्ह्यात कऱ्हाड तालुक्यात वडगाव हवेली आहे, खटाव तालुक्यात जयराम स्वामींचं वडगाव आहे. अख्ख्या बातमीत तालुक्याचं नाव नाही. शेजारच्या काकूंची लेक वडगाव हवेलीत दिलेली. जावई जीपच चालवतो. काकू अंक हातात घेऊनच आमच्याकडे आल्या, चष्मा घरी विसरलेला, म्हणाल्या, ‘तूच वाच गं, नावं काय दिलीत?’ मी नावं वाचली. मथळ्यात चार, मजकुरात नावं पाच. पुन्हा बोट ठेवून मोजली, तर एकच नाव आधी नुसतं आणि मग आडनावासह असं दोनदा आलेलं, आणि ते पहिलं नाव जावयाचंच नाव. लेकीचा फोन लागेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. काकू आमच्या पायरीवर बसून होत्या. अपघात खटावकडच्या वडगावचा निघाला.

मथळ्यातला आकडा मजकुरातल्या नावांशी जुळवायचा आणि गावापुढे तालुका लिहायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. बोटानं मोजायचं, डोळ्यांनी नाही, कारण रात्री साडेबाराला डोळे फसवतात. या कामाला दोन मिनिटं लागतात.

मी कार्यालयात फोन केला. एक तरुण मुलगी बोलली, आवाजावरून पंचविशीची असेल. ‘मॅडम, काल चार पानं माझ्या एकटीकडे होती. वार्ताहरानं मोबाइलवर पाठवलेली बातमी तशीच पानावर लागली, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती वेळेत सोडायची होती,’ एवढं सांगून तिनं माफी मागितली. मला तिच्यावर राग धरता आला नाही. आमच्या वेळी बातमी वार्ताहराकडून उपसंपादकाकडे, मग छपाईआधी चुका शोधणाऱ्या मुद्रितशोधकाकडे आणि पान लागल्यावर पुन्हा मुख्य उपसंपादकाकडे जायची. १९५५चा श्रमिक पत्रकारांचा कायदा उपसंपादकाला आणि मुद्रितशोधकालाही पत्रकारच मानायचा. या दैनिकात आता मुद्रितशोधकाचं पदच नाही, हेही तिच्याकडूनच कळलं. तीन चाळण्यांची एक चाळणी झाली, आणि सोमवारी तीही अर्धीच. दुसऱ्या दिवशी ‘चूकभूल’ छापली, तीन ओळी, पान सातवर तळाशी. पाच नंबरच्या पानावरची चूक पाचवरच दुरुस्त व्हायला हवी होती. पण छापली, हे मी जमेच्या बाजूला धरते. कित्येक पेपर तेवढंही करत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी सूट देणार नाही. फेब्रुवारीत एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती, तीही मंगळवारीच. नाव बदललेलं होतं, कंसात तसं लिहिलंही होतं. आणि खाली शाळेचं नाव, वडिलांचा धंदा आणि ते कोणत्या चौकात गाडा लावतात ते. गावात असा गाडा एकच. लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. वार्ताहर घटनास्थळावरून जे मिळेल ते सगळं पाठवतो, त्यानं तसंच करावं. त्यातलं काय छापायचं नाही हे डेस्कवर ठरतं. ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. त्या पोरीला उद्या त्याच शाळेत जायचं होतं. याही वेळी मी फोन केला. ई-पेपरमधून ते पान संध्याकाळपर्यंत काढलं, छापील अंक तर घरोघरी पोचलेला.

ॲपबद्दल थोडक्यात: वर्गणीत फुकट आहे, पण घेऊ नका. छापील पानाच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, ‘स्थिती’चं ‘स्थतिी’ होतं, आणि ते कुणी वाचूनच बघत नाही. परदेशच्या बातम्यांत ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख हे विसरून आकडे दहापट लहान झालेले मी दोनदा पाहिले.

अंक घ्यावा का? तालुक्याच्या बातम्यांसाठी घ्या. बुधवार ते सोमवार पाच नंबरचं पान इतकं नेटकं असतं की नव्यानं पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनी ते कापून वहीत चिकटवावं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. शेवटच्या पानावर तळाला बातम्यांच्या निवडीची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांचं नाव छापतात, उपसंपादकाचं कुठेच नसतं.

मी वर्षाऐवजी सहा महिन्यांची पावती फाडली आहे. डबा नको म्हटलं, आणि व्यवस्थापनाला पत्र दिलं आहे की सोमवारी रात्री पान पाचवर दुसरं माणूस बसवा. उत्तर आलं की इथे लिहीन.