पिकअपच्या कॅम्परला ड्रॉवर बसवून घेताना माझी झालेली फसवणूक, प्लीज पूर्ण वाचा

थोडं मोठं लिहितोय पण वाचा, कारण हल्ली ठाणे नवी मुंबईत पिकअपच्या मागे झोपायची सोय करून घेणारे बरेच जण भेटतात आणि माझ्यासोबत झालं ते अजून कोणासोबत होऊ नये असं मनापासून वाटतं.

माझा चार दरवाज्यांचा पिकअप आहे, प्रायव्हेट नंबरचा. मागच्या हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे बंद टप, आणि आत दोघांना झोपता येईल अशी फळी. अडचण सामानाची होती. तंबू, दोर, शेगडी, छोटा सिलिंडर, पाण्याचे कॅन सगळं गादीवर, रात्री झोपायचं म्हटलं की ते उचलून पुढच्या सीटवर टाकायचं आणि सकाळी परत मागे, बायको तर म्हणायची आपण फिरायला येतो की हमाली करायला. म्हणून ठरवलं, फळीखाली दोन लांब ड्रॉवर, बाजूला बाहेरून उघडणारी पेटी आणि वर कॅरिअर.

रबाळे एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनवाला मिळाला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. शेडमध्ये दोन गाड्यांचं काम चालू होतं, माणूस बोलायला एकदम गोड, चहा मागवला, "दादा, घरचं काम समजा". कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून दिलं की पेटी आणि फ्रेम एसएस ३०४ म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, प्लाय मरीन ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा, चॅनल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) हेवी लॉकवाले, सगळं मिळून ९० किलोच्या आत. १,६०,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १,८८,८००. मी विचारलं ३०४ आहे हे कशावरून, तर त्याने खिशातून चुंबक काढून पत्र्याला लावून दाखवलं, चिकटलं नाही. "बघा, ओरिजिनल". मी मान हलवली. तिथेच फसलो, कारण २०२ ला, म्हणजे त्याहून स्वस्त स्टेनलेस स्टीलला, पण चुंबक चिकटत नाही हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

१ लाख ॲडव्हान्स दिले, तेही माझ्या बायकोच्या खात्यावर पाठवा म्हणाला म्हणून त्याच्या बायकोच्या यूपीआयवर. मग बारा दिवसांनी फोन, फ्रेम तयार आहे, ६० हजार टाका म्हणजे प्लाय आणतो. मी म्हटलं बघायला येतो, तर आज वेल्डर नाही, उद्या लाईट नाही, असं करत करत मी पोचलो तेव्हा आतून सगळीकडे काळं कार्पेट चिकटवून झालेलं होतं. दिसायला एक नंबर. एका कोपऱ्यात प्लायचा तुकडा ठेवलेला, त्यावर ७१० चा शिक्का, "हाच माल आत आहे दादा". ते ६० हजार टाकले, जीएसटीचे २८,८०० कॅश दिले आणि गाडी घेऊन घरी आलो, सोसायटीत सगळ्यांना कौतुकाने दाखवली.

जुलैमध्ये माळशेजला गेलो. घाट चढताना मागून धाडकन आवाज आला, ड्रॉवर सुटून टेलगेटवर आदळला होता, आत सिलिंडर होता, विचार करा. लॉक होतंच पण पत्र्याची एक पट्टी वाकवून केलेलं, आणि चॅनल आपल्या किचनच्या ट्रॉलीला लागतात तेच, ४५ किलोचे, त्यावर माझं साठ किलोच्या वर सामान. परत येईपर्यंत दुसरा ड्रॉवर उघडेचना. घरी येऊन कार्पेटचा कोपरा सोलला तर खालचा प्लाय फुगून खारीसारखा पापुद्र्या पापुद्र्याने सुटत होता, बोट लावलं की भुगा. पाणी वरून आलं होतं, कॅरिअरसाठी छताला भोकं पाडली त्यात साधं सिलिकॉन भरलेलं, ते व्हिनेगरसारखं वास येणारं असतं ना तेच, आणि ते लोखंडाला उलट गंज आणतं. हौद्याच्या पत्र्याला पाडलेल्या भोकांना प्रायमरचा एक हात पण नाही, प्रत्येक बोल्टखाली तांबडा ओघळ. हे बघून मला खरंच रडू आलं, गाडीचा मूळ पत्रा तर काय परत येणार नाही.

माझा शाळेतला मित्र कळंबोलीला स्टील मार्केटमध्ये आहे, तो रविवारी घरी आला ते मॉलीची, म्हणजे स्टील कुठलं ते तपासायच्या रसायनाची, बाटली घेऊनच. पत्रा घासून एक थेंब टाकला, छोटी बॅटरी टेकवली, दोन चार सेकंदात थेंब लालभडक. म्हणाला हा २०२, ३०४ असता तर लाल झाला नसता. ३०४ मध्ये निकेल कमीत कमी ८ टक्के लागतं, २०२ मध्ये ४ ते ६ आणि बाकी मँगनीज जास्त भरून काम चालवतात म्हणून स्वस्त पडतं, पण पावसात, त्यातून आपल्या खाडीच्या हवेत, लवकर डाग धरतं. बाटली दोन तीनशे रुपयांची. मी पावणेदोन लाखांच्या वर देताना तेवढी घेतली असती तर!

प्लायचा एक न फुगलेला तुकडा कापून घरी पातेल्यात उकळत ठेवला. ७१० चा प्लाय ७२ तास उकळून टिकायला पाहिजे, ही आयएसची म्हणजे भारतीय मानकाची टेस्टच आहे, आमचा चार तासात उलगडला. शिक्का फक्त त्या दाखवायच्या तुकड्यावर होता. खऱ्या मालावर आयएसआयच्या शिक्क्याखाली सीएम/एल नंबर म्हणजे लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकला की कंपनी कोणती ते येतं. हे कार्पेट लावायच्या आधी करायचं, नंतर काय उकळून बघणार.

मग गाडी वजनकाट्यावर नेली. काम करायच्या आधीची पावती सुदैवाने होती, फरक आला २१० किलो. म्हणून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले होते आणि मी उगाच शॉकअपला दोष देत होतो.

आणि जीएसटी. कोटेशनवरचा नंबर २७ ने सुरू होणारा, दिसायला बरोबर, पण जीएसटीच्या साईटवर लॉगिन न करता कोणालाही नंबर शोधता येतो, तिथे टाकला तर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे २८,८०० सरकारच्या नावाने सरळ खिशात.

आरटीओचं पण सांगतो, तो म्हणाला होता "ते आम्ही बघतो", काहीच केलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल करायचे तर आधी विचारावं लागतं, जबाबदारी मालकाची. उद्या अपघात झाला असता तर इन्शुरन्सवाल्याने मलाच विचारलं असतं.

फोन केला तर आधी "पावसाळ्यात होतंच दादा", मग आवाज चढवला, मग नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली, वकिलाची नोटीस पाठवली, त्यानंतर ४० हजार परत आले, बाकी नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाईन केस टाकली आहे, पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो तिथल्या आयोगात टाकता येते. कोटेशन, यूपीआयचे स्क्रीनशॉट, काट्याच्या दोन्ही पावत्या आणि फुगलेल्या प्लायचे फोटो लावलेत. कॅशचे २८,८०० कुठेच दिसत नाहीत, वकील म्हणाले ते सिद्ध करणं अवघड जाईल.

ड्रॉवर सगळे काढून टाकले. सध्या प्लास्टिकचे झाकणवाले क्रेट फळीखाली पट्ट्याने बांधतोय, चार हजारात काम झालं, पाणी पण जात नाही.

मॉलीची बाटली आणि बॅटरी माझ्याकडेच आहे, वर्तकनगरला राहतो, ठाण्यात कोणाचं काम चालू असेल तर सांगा, बाटली घेऊन मी स्वतः शेडवर येतो, पण कार्पेट चिकटवायच्या आधी बोलवा.