हात्शेप्सुत की मेदिनेत हाबू? लक्झरला एकच मंदिर बघायला वेळ असेल तर

इजिप्तमध्ये लक्झरला नाईलच्या पश्चिम काठावर राजांची दरी, म्हणजे फॅरो राजांची थडगी, बघण्यातच निम्मा दिवस जातो. उरलेल्या वेळात फॅरोच्या मृत्यूनंतर त्याची पूजा चालू राहावी म्हणून बांधलेलं एखादंच मंदिर नीट बघून होतं. ग्रुप टूर बहुधा हात्शेप्सुत राणीच्या मंदिरात नेतात. माझं मत मेदिनेत हाबूला.

तरी हात्शेप्सुतचं मंदिर डावलणं जिवावर येतं. दैर अल-बहारीच्या उभ्या कड्याला पाठ लावून तीन गच्च्या चढत जातात. इ.स.पू. 1479 च्या सुमारास गादीवर आलेल्या या राणीने वीसेक वर्षं फॅरो म्हणूनच राज्य केलं. मधल्या गच्चीवर डावीकडे तिची पुंत देशाची मोहीम कोरली आहे: खांबांवर उभारलेल्या झोपड्या, टोपल्यांत मुळांसकट नेलेली धूपाची झाडं, जहाजांखाली पोहणारे मासे. उजवीकडे मृतांचा देव अनुबिस याच्या देवळीत रंग अजून टवटवीत आहेत, पण तिची आकृती खरवडून काढलेली आणि सावत्र मुलगा तिसरा थुतमोस मात्र शाबूत. त्याच्याच कारकिर्दीत तिचं नाव पुसलं गेलं. मंदिराचा बराच भाग पोलिश तज्ज्ञांनी 1961 पासून तुकडे जुळवून उभा केलाय. सावली जवळपास नाही, आणि गर्दीत त्या नाजूक कोरीवकामापाशी निवांत उभं राहायला मिळत नाही.

मेदिनेत हाबूत तसं उभं राहता येतं. सुमारे तीनशे वर्षांनंतरच्या तिसऱ्या रामसेसचं हे मंदिर. किल्ल्यासारख्या दरवाजातून आत शिरायचं. उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर समुद्री टोळ्यांशी झालेली लढाई आहे, उलटलेली गलबतं आणि पाण्यात पडलेली माणसं. आत शत्रूंचे तोडलेले हात ढिगाने मोजणारे कारकून आहेत. काही चित्रलिपी बोटांची पेरं आत मावतील इतकी खोल आहे. पुढच्या कुणा राजाला नाव खोडता येऊ नये म्हणून, असं म्हणतात. हात्शेप्सुतचं काय झालं ते वाचलेल्याला हे पटतं. दुसऱ्या चौकात वर बघायला विसरू नका, छताचे रंग टिकून आहेत.

याच राजाच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी धान्य थकलं म्हणून थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी काम बंद पाडलं. नोंद असलेला हा जगातला पहिला संप. पुढे जनानखान्यात त्याच्याविरुद्ध कट शिजला, आणि त्याचा गळा चिरला होता हे 2012 मध्ये ममीच्या सीटी स्कॅनमधून दिसलं.

राज्य करणाऱ्या स्त्रीचीच ओढ असेल तर हात्शेप्सुतकडेच जा, मात्र सकाळी दार उघडताच. गुडघे कुरकुरत असतील तर मेदिनेत हाबू, तिथे चढ फारसा नाही.