तयार पॅकेज घ्यावं की खुलं साहित्य जमवावं?

शाळेत वर्गातला डिजिटल पॅनेल बसला की पुढचा प्रश्न असतो त्यावर दाखवायचं काय. मग कंपनीचे प्रतिनिधी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन बसतात: पाचवी ते दहावी, सगळे विषय, धडेवार, मराठी आवाजासह, एकदाच पैसे भरा आणि निवांत व्हा. स्टाफरूममधला एखादा तरुण शिक्षक म्हणतो, "सर, हे सगळं फुकट मिळतंय की नेटवर." दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या हायस्कूलला यातून निवड करायची असेल, तर माझा कौल खुल्या साहित्याकडे, म्हणजे परवान्यानुसार मोफत वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या साहित्याकडे आहे. पण तो सरसकट नाही.

आधी पॅकेजच्या बाजूनं बोलू. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांत पावसाळ्यात लाइट टिकली तरी नेट टिकेल याची खात्री नसते. तिथं पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ सुरू तरी होतो. शिक्षक रजेवर असताना ऑफ तासिका सांभाळायला आणि परीक्षेआधी उजळणीला पॅकेज उत्तम. तयारीला वेळ लागत नाही, आणि मतदार याद्यांपासून सर्वेक्षणापर्यंतची अशैक्षणिक कामं डोक्यावर असलेल्या माणसाला वेळ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

अडचण येते ती दुसऱ्या वर्षी. अठरा मिनिटांच्या व्हिडिओतली दोनच मिनिटं आपल्या मुलांना हवी असतात, पण ती कापून घेता येत नाहीत. एखादी आकृती चुकलेली दिसली तरी दुरुस्त करता येत नाही. पॅकेज बहुतेक वेळा एकाच मशीनला बांधलेलं असतं, मशीन बदललं की पुन्हा फोनाफोनी. त्यात राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून सुरू झालाय आणि पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत जाणार आहेत. अशा काळात धडेवार बांधलेल्या साहित्यावर एकरकमी पैसे घालणं मला तरी पटत नाही. धडा गेला की त्याच्यासाठी घेतलेला व्हिडिओही गेला.

सरकारी साहित्य या दोन टोकांच्या मध्ये बसतं. 'दीक्षा' हे सरकारचं ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, आणि ॲपवर ते आधी उतरवून घेऊन नेटशिवायही पाहता येतं. दर्जा कमीजास्त आहे, त्यामुळे वर्गात लावण्याआधी स्वतः पूर्ण पाहावं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण मोफत मिळतं म्हणजे वाटेल तसं वापरता येतं, असं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर हक्क मंडळाकडे असल्याचं स्पष्ट छापलेलं असतं. ते साहित्य वाचायला आणि शिकवायला आहे. पानं कापून स्वतःच्या नावाची नोट्स बनवायला नाही.

आता खुलं साहित्य. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाची 'फेट' ही सिम्युलेशनं घ्या. नववीच्या धाराविद्युत प्रकरणाला त्यातला विद्युत परिपथाचा संच चपखल बसतो. पडद्यावर बॅटरी, तार, बल्ब ओढून जोडायचे. दोन बल्ब एकसरीत जोडले की प्रकाश मंद होतो, समांतर जोडले की दोन्ही लख्ख. मागच्या बाकावरचा कुणीतरी हमखास म्हणतो, "सर, अजून एक बॅटरी लावू?" लावू द्यावी. रोध कमी ठेवून बॅटऱ्या वाढवत गेलं की पडद्यावर जाळ दिसतो आणि वर्गात एकच गलका. त्या गलक्यातच रोध म्हणजे काय, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. या संचात धडा नाही, निवेदन नाही, शाबासकीचं संगीत नाही. म्हणूनच तो आठवीला दाखवता येतो, दहावीला दाखवता येतो, आणि पुस्तक बदललं तरी चालतो.

तुकडा जितका लहान आणि उघडा, तितका तो जास्त वर्षं आणि जास्त वर्गांत चालतो. दुसरं उदाहरण अगदी इथलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे जुलैत कोल्हापुरातल्या पोरालाही पाठ असतं. एका स्प्रेडशीटमध्ये रोजची पातळी भरायची, बाजूला आलेख, त्यावर दोन आडव्या रेषा. सांख्यिकीच्या तासाला सरासरी काढा, पाणी कोणत्या दिवशी सर्वांत वेगानं चढलं ते शोधा. पुढच्या वर्षी फाइल तीच, आकडे नवे. सांगलीच्या शिक्षकाला पाठवली तर तो रेषा आयर्विन पुलाच्या ४० आणि ४५ फुटांवर नेतो आणि त्याचा तास तयार. हे कुठल्याही पॅकेजात मिळणार नाही, कारण कंपनीला एकच व्हिडिओ चंदगडपासून चंद्रपूरपर्यंत विकायचा असतो.

खुलं म्हणजे परवाना पाहूनच. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी 'बाय' परवान्यात मूळ निर्मात्याचं नाव दिलं की बदल करून वाटता येतं. 'एसए' असेल तर बदललेली प्रतही त्याच अटीवर खुली ठेवावी लागते. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको, तेव्हा फी घेऊन क्लास चालवणाऱ्यांनी यापासून लांब राहावं. 'एनडी' असलं तर जसंच्या तसं वाटा, बदललेलं वाटू नका. आपल्याला बदलायचंच असतं, त्यामुळे हे शोधतानाच वगळावं. यूट्यूबवर शोधताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा फिल्टर लावता येतो, फारच थोडे शिक्षक तो लावतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पीपीटीचा मूळ मालक कोण, हे कुणालाच माहीत नसतं. ती वर्गापुरती ठीक आहे, आपल्या चॅनेलवर चढवू नये.

स्वतः साहित्य करणाऱ्यांसाठी एक गोष्ट परवान्याइतकीच महत्त्वाची: टायपिंग युनिकोडमध्येच करा. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या किती सुंदर प्रश्नपेढ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं दिसतात! मेहनत होती, पण ती दुसऱ्याच्या कामी येईना. तसंच शेअर करताना पीडीएफसोबत मूळ फाइलही द्यावी.

खुल्या साहित्याचा खरा खर्च पैशात नसतो, तो संध्याकाळी घरी बसून द्यावा लागतो. एक तासिका नीट बांधायची तर शोधणं, तपासणं, मराठी लेबलं लावणं हे सगळं आलं. पहिलं वर्ष जड जातं. म्हणून द्विशिक्षकी शाळेला मी हा सल्ला देणार नाही. तिथं दीक्षावरचं निवडक साहित्य आधी उतरवून ठेवावं आणि जोडीला फेटची चार-पाच सिम्युलेशनं, एवढं पुरे. विषयवार शिक्षक असलेल्या हायस्कूलनं मात्र प्रत्येकानं सत्राला दोन पाठ असं वाटून घ्यावं आणि सगळं एकाच शेअर्ड ड्राइव्हवर इयत्ता-विषय-घटक अशा नावानं ठेवावं. 'फायनल न्यू २' नावाची फाइल पुढच्या जूनमध्ये कुणालाच सापडत नाही.

पॅकेज आधीच घेतलेलं असेल तर ते उजळणीला वापरा. अजून घेतलं नसेल आणि संस्थाचालकांचा आग्रहच असेल, तर प्रतिनिधीला केबिनमध्येच विचारा: व्हिडिओचा तुकडा कापून घेता येतो का, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालतो का, पुस्तक बदललं तर नवा आशय त्याच पैशात मिळणार का, आणि नूतनीकरण केलं नाही तर आहे ते चालू राहतं की बंद पडतं. उत्तरं तोंडी नकोत, कोटेशनवर लिहून घ्या.